पिसाचं बूड

रिक्षा बसस्टँडकडे वळत होती तेवढ्यात फोन वाजला आणि केतकी म्हणाली, “काका, जुळलं! ती बाहेरून आलेली नाही. तुमच्या माळावरचीच आहे.” पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण समोरच्या टेम्पोने हॉर्न दाबून धरला होता. मी “थांबा, थांबा” म्हणालो ते केतकीला, पण रिक्षावाल्याने करकचून ब्रेक लावला आणि मागच्या मोटारसायकलवाल्याने आम्हा दोघांना मिळून एक शिवी दिली. “उतरायचंय का बाबा?” रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं. मी म्हणालो, “नाही, नाही, तुम्हाला नाही म्हणालो.” “मग कोणाला?” मी फोन दाखवला. तो मी उलटा धरला होता, आणि ते त्यालाही दिसलं. “घरी कोणाला काय झालं का?” त्याने एकदम हळू आवाजात विचारलं. झालं होतं खरं, पण सांगायचं कसं? एका पक्षिणीची आई, आजी, पणजी सापडली, असं भर रस्त्यात एका अनोळखी माणसाला सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. “बरंच झालं,” मी म्हणालो, “चांगलं झालं.” तो हसला. “नातू का?” मी हो म्हणालो. खोटं बोललो म्हणून लगेच लाज वाटली, पण ती लाजसुद्धा आज फार वेळ टिकली नाही. छातीत काहीतरी उड्या मारत होतं. सत्तरीला आलेल्या माणसाला असं होणं बरं नाही असं एकदा मनात आलं, मग वाटलं, होऊ दे.

ती पक्षीण म्हणजे माळढोक. आमच्याकडची जुनी माणसं या पाखराला हूम म्हणतात, कारण पावसाळ्याच्या आगेमागे नर गळा फुगवून तसा आवाज काढतो. मी तिला पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी पाहिलं ते तिचं एक पीस. गेल्या वर्षी पोळ्याला आक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, गेलो होतो. युसूफ वडगावच्या अलीकडे उतरून आत चालत गेलं की आमची वाडी लागते. वाडीच्या वर खडकाळ माळ आणि त्याच्या खाली गवताचं कुरण. त्या कुरणाच्या बांधाने चालताना पवन्याच्या गवतात अडकलेलं ते दिसलं. वीतभर, वाळूच्या रंगाचं, त्यावर कोणी बारीक निबाने काढाव्यात तशा काळ्या नागमोडी रेघा. मी ते उचललं आणि आधी इकडेतिकडे पाहिलं, जणू चोरी केली. मला ते ओळखता आलं नसतं तरी चाललं असतं, आयुष्य तसंच पुढे गेलं असतं. पण मी चाळीस वर्षं बीडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, आणि ज्या पुस्तकांना कोणी हात लावत नाही ती वाचणं हा माझा दोष आहे. पक्ष्यांचं पुस्तक त्यातलंच. तरी खात्री नव्हती. मला कधीच कशाची खात्री नसते. ट्रकच्या टपावरून उडालं असेल, वाऱ्याने आलं असेल, किंवा माझ्या डोळ्यांनी, ज्यांचं एक ऑपरेशन झालंय आणि एक व्हायचंय, लांडोरीच्याच पिसाला हवं ते रूप दिलं असेल. ते पीस पाकिटात घालून मी केतकीला पाठवलं.

केतकी बाबर ही मूळची सांगोल्याकडची मुलगी, दक्षिणेत एका प्रयोगशाळेत पक्ष्यांचा डीएनए वाचण्याचं काम करते. आमच्या कॉलेजात तिचं एकदा व्याख्यान झालं. मी सगळ्यात मागे बसलो होतो. चार प्रश्न मनात तयार होते, एकही विचारला नाही. नंतर चहाच्या टेबलापाशी ती एकटी बिस्किट खात उभी असताना जवळ गेलो आणि म्हणालो, “बिस्किट मऊ पडलंय ना?” ती हसली, आणि मग आम्ही तासभर बोललो. महिन्याभराने तिचा फोन आला की पीस माळढोकाचंच आहे, आणि मादीचं. पीस बघून नाही, पिसाच्या बुडाशी, जिथे ते कातडीत रुतलेलं असतं तिथे जे पेशींचे कण राहतात, त्यांवरून. त्या दिवशी मी जेवलो नाही. विसरलो.

मी राहतो त्या दोन खोल्यांच्या पलीकडे कोचिंग क्लास आहे. भिंत एका विटेची. डॉक्टर व्हायला निघालेली दीडशे पोरं, आणि माईकवरून ओरडणारे सर. आधी मला त्याचा फार त्रास व्हायचा, कानात कापूस घालून वाचायचो. पीस सापडल्यावर मी कापूस काढला. खुर्ची भिंतीला लावली आणि म्हाताऱ्याने आकाशवाणी ऐकावी तसा अनुवंशशास्त्र ऐकायला लागलो. “आईकडून काय येतं?” सर ओरडायचे. “मायटोकॉन्ड्रिया!” दीडशे पोरं. मीही ओठ हलवायचो. प्रत्येक पेशीत एक छोटी चूल असते, आणि त्या चुलीची कृती फक्त आई देते. आई मुलीला, मुलगी तिच्या मुलीला. बापाचा त्यात हात नाही. हे ऐकलं त्या दिवशी मी घरचा हिशोब मांडला. म्हणजे माझ्या आईचं ते जे होतं, जे तिच्या आईचं होतं, ते माझ्यापाशी येऊन थांबलं. मी त्याचा शेवटचा मुक्काम. पण आक्काकडून ते तिच्या मुलीत गेलं, तिच्या नातीत गेलं. इतकी वर्षं मी आक्काकडे माहेर म्हणून जात होतो, ती माझ्याकडे नाही, याचा अर्थ मला त्या दिवशी त्या भिंतीने सांगितला.

पण केतकीने एक अडचण काढली होती. ही मादी भटकत आलेली असेल तर ती आज आहे, उद्या सोलापूरकडे नाहीतर कर्नाटकात. पण तिचा वंश याच माळावर टिकून राहिलेला असेल तर गोष्ट वेगळी. देशात जे थोडे माळढोक उरलेत ते एकमेकांचे इतके जवळचे की त्यांच्यात फरकच फार कमी. कुठे एखादी वेगळी ओळ शिल्लक असेल तर ती फार मोलाची, पुढे पिल्लं वाढवायची तर अशीच ओळ लागते. “पण ते ताडून पाहायला तुमच्या भागातला जुना नमुना हवा काका. जुनं पीस, हाड, अंड्याचं टरफल, काहीही. संग्रहालयांत तिकडचं काही मिळालं नाही.” मी म्हणालो, “आमच्याकडे कोण कशाला ठेवेल?” फोन ठेवला, आणि पाणी प्यायला उठलो, आणि तांब्या हातात असताना मला माझ्या कानात कोमट तेल उतरल्याचा भास झाला. लसणाचा वास. आक्काची मांडी. आणि कानाच्या पाळीला होणारी गुदगुली.

आक्काच्या घरात, म्हणजे आमच्या जुन्याच घरात, चुलीमागच्या कोनाड्यात तेलाची बाटली असते आणि बाटलीत पीस. गावात कोणाचाही कान ठणकला, पोराला गळू झालं, बैलाच्या खांद्याला जू लागलं, की त्या पिसाने तेल लावायचं. प्रत्येक घरात असं पीस असायचंच, कोंबडीचं नाहीतर मोराचं. आमच्या घरातलं हुमाचं होतं. बाहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडताना वडिलांना ते सापडलं. संध्याकाळी ते पटक्यात खोचून आले होते. आम्हाला त्या वर्षी खायला सरकारी वाटपाची सुकडी आणि मिलो ज्वारी, पण ते पीस बघून आई हसल्याचं मला आठवतं. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी एका पहाटे वडिलांनी मला उठवून बांधावर नेलं. “ऐक,” म्हणाले. मी कान टवकारले. काही नव्हतं. “कानानं न्हाई, हितनं ऐक,” आणि त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला. मग ते आलं. लांबून, जमिनीतून आल्यासारखं, बरगड्यांत वाजणारं. हूम. मी नंतर आयुष्यभर पुस्तकांत त्या आवाजाचं वर्णन शोधलं. सापडलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी आक्काकडे. आक्का म्हणजे भिवराबाई, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, कंबरेत वाकलेली, आवाज मात्र ताठ. तिला म्हणालो, पीस दे. “कावून?” “तपासायला.” “त्याला काय झालं तपासायला? त्याच्याकडनंच लोक तपासून घ्यायला येत्यात.” मी मेडिकलमधून तिच्यासाठी थेंब टाकायची प्लास्टिकची नळी नेली होती, ती पुढे केली. तिने ती नाकापाशी धरली, दाबून पाहिली, आणि म्हणाली, “हिला वास हाय. अन् ही गार हाय. कानाला गार चालत न्हाई.” मी शास्त्र सांगायला लागलो. आई, मुलगी, चूल, सगळं. तिने शांतपणे ऐकलं. “म्हंजी त्या पाखराची आजी हितली का बाहेरची ते बघायचं?” “हो.” “सोयरीक जुळवाय निघाला का तू? सोताची तर जुळवता आली न्हाई.” मग तिने पीस बाटलीतून काढलं, पदराला पुसलं आणि विचारलं, कुठला भाग पाहिजे. मी म्हणालो, बूड. तिने विळीवर बोटभर बूड कापलं आणि माझ्या हातावर ठेवलं. “बूड तुझं, शेंडा माझा.” शेंडा पुन्हा बाटलीत गेला.

त्या बुडाचा पहिला निकाल आला तेव्हा मला धरणी ठाव देईना. केतकी फोनवर हसत होती. “काका, यात पक्षी कमी आणि माणसंच जास्त आहेत! एक नाही, बरीच. काय करत होतात याचं?” मी सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या मागचं कोणीतरी काय झालं म्हणून विचारायला लागलं. मला वाटलं संपलं. पन्नास वर्षांच्या कानांनी, बोटांनी, मळाने ती जुनी पक्षीण पुसून टाकली. पण ती म्हणाली, बाहेरच्या अंगाला माणसं आहेत, आतल्या नळीत वाळलेला रक्ताचा एक कण असतो, तिथे कोणाचं बोट जात नाही. तो काढून पाहते. आणि आज, बरोबर आज, रिक्षात असताना तो फोन.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी केतकीला परत फोन लावला, तिने नीट सांगितलं. जुन्या आणि नव्या पिसातली आईकडची खूण एकच, आणि ती खूण तिच्याजवळच्या दुसऱ्या कुठल्याच माळढोकात नाही. पन्नास वर्षं, पावसाळ्यामागून पावसाळे, त्या ओळीतली कोणी ना कोणी मादी आमच्याच भागात अंडं घालत राहिली. एका वेळी एकच अंडं, उघड्या जमिनीवर. “पण नव्या पिसात वैविध्य खूप कमी झालंय काका. तिला दूरचा जोडीदार हवा. तिकडे नर उरलाय की नाही तेच माहीत नाही.” बाहेर भादवा होता आणि चैत्रासारखं दिसत होतं. सोयाबीन गुडघ्याएवढंही नाही, वाळून उभं. टँकरमागे घागरी. केज गेलं. मी काचेवर कपाळ टेकून हसत होतो, आणि शेजारच्या बाईने पिशवी जरा स्वतःकडे ओढून घेतली. मग हळूहळू ते हसू आटलं, कारण मी जात होतो ते पेढे वाटायला नाही. दुपारी तीनला मारुतीच्या पारावर कुरण संस्थेची सभा होती, आणि मला तिथे उभं राहून बोलायचं होतं.

संस्था बाहत्तरनंतरची. वडील, आणखी काही जण. नियम एकच, मिरगापासून दिवाळीपर्यंत कुरण बंद. जनावर नाही, विळा नाही, माणूससुद्धा उगाच नाही. दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून कापायचं आणि वाटून घ्यायचं. किती दुष्काळ आले, चेअरमन किती बदलले, पण तेवढा नियम राहिला. ती पाखरं का राहिली हे मला बसमध्ये, नेकनूरच्या पुढे केव्हातरी, लखकन कळलं होतं. आम्ही त्यांना राखलं नव्हतं. आम्ही गवत राखलं होतं, आणि त्यांनी त्याचा फायदा घेतला. आता एका सोलर कंपनीला सगळं रान भाड्याने हवं होतं, वरचा माळ आणि खालचं कुरण, आणि सभा त्यावरच होती. पत्रे, खांब, तारा. जड अंगाचा हा पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तारेवर आपटून मरतो. वडिलांचा शेअर माझ्या नावावर झाला त्याला तीस वर्षं झाली. सभेत मी एकदाही बोललो नव्हतो. वाडीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा वाटलं, इथूनच परतीची बस धरावी आणि केतकीलाच एक पत्र लिहायला सांगावं, शिक्क्याचं.

पारावर चेअरमन बबनराव खुर्चीवर, बाकीचे जमिनीवर, बाया देवळाच्या भिंतीला. आक्काही होती. बबनराव म्हणाले, “आप्पाराव आलेत बीडहून. बोला.” मी उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य बोललो ते मायटोकॉन्ड्रियाचं. कोणीतरी विचारलं, “कोंच्या गावची?” पार हसला. मी पुस्तकासारखा बोलत होतो, ते मला ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं. मग सिदू उठला. ऊसतोडीला जाणाऱ्यांतला हा, पस्तिशीचा, हातावर कोयत्याचे वण. “आप्पा, त्या पाखराची आई, आजी, पणजी, समदी काढली तुमी. चांगलं केलं. दिवाळी झाली की मी पोरं घिऊन कर्नाटकात जानार, पालावर. त्यांची शाळा कोन काढनार? कंपनीचं भाडं आलं तर एक वरीस तरी मी घरला ऱ्हाईन. पाखराला माळ हाय, आमाला काय हाय?” तो खरं बोलत होता. पन्नास वर्षं आपल्या जागी टिकून राहिलेल्या मादीची बातमी मी त्या माणसाला सांगत होतो ज्याला वर्षातले सहा महिने आपल्या जागी राहता येत नाही. मी खाली बसायला लागलो. बसता बसता, काही ठरवून नाही, नुसतं काहीतरी तोंडातून निघावं म्हणून मी म्हणालो, “त्या जुन्या पिसात ती एकटी नाही सापडली. तुम्हीपण सापडलात. आक्काच्या तेलातलं पीस होतं ते. ज्यांच्या ज्यांच्या कानाला लागलं, ती सगळी त्या पिसावर आहेत. बाहेर माणसं आणि आत ती.”

बबनरावांचा हात आपसूक कानाकडे गेला. “म्हंजी माझ्या कानातला मळ बी लॅबोरेटरीत गेला का काय?” “तुझा तर पयला!” भिंतीकडून आक्का म्हणाली. “लई ठणकायचा बबन तुझा कान. आई माझ्याकडं टाकून कामाला जायची.” “अन् माझा?” सिदूने विचारलं, आणि विचारून चूक केली हे त्याच्याच तोंडावर दिसलं. “तुझे पाय धरायला दोघी लागायच्या. मला लाथ घातली हुती, हितं.” आता हसणं वेगळं होतं, माझ्यावर नव्हतं. बायांत कोणी कोणाचं गळू काढलं, कोणाच्या बैलाचा खांदा कसा भरून आला, याच्या गोष्टी निघाल्या. पीस जणू पारावर हातोहात फिरत होतं. त्यातच बबनराव म्हणाले, “आसं करू. वरचा खडक कंपनीला. कुरण न्हाई. अन् तारा मातीखालनं घाला म्हनून सांगू.” “भाडं निम्मं यील,” सिदू म्हणाला. “निम्मं यील.” “अन् कंपनी न्हाई म्हनली तर?” बबनरावांनी खांदे उडवले. सिदू माझ्याकडे वळला. “आप्पा, खरं सांगा. तुमी बघितली का ती?” “नाही,” मी म्हणालो. “दिसंल कवा?” “माहीत नाही. कदाचित मला दिसणार नाही.” हात वर करायला सांगितले तेव्हा मी चपलांकडे पाहत होतो. ठराव झाला, असं बबनराव म्हणाले. सिदूचा हात त्यात होता की नाही हे पाहायचा मला धीर झाला नाही.

बसच्या वाऱ्याने माझा डावा कान दुखायला लागला होता. दिवे लागायच्या आधी आक्काने अंगणात चूल पेटवली, पळीत तेल, दोन पाकळ्या लसूण. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिची मांडी आता हाडांची झाली होती. उजवा कान तिच्या लुगड्यात दाबलेला, डाव्यात तेल उतरलं आणि जग बंद झालं. शेळीचं ओरडणं, मोटार, पोरं, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं. नुसतं माझंच रक्त ऐकू येत होतं, दिवसभराच्या आनंदाने दमलेलं, तरी धावणारं. आणि मग छातीत काहीतरी वाजलं. खोल. एकदाच. मी श्वास रोखला. सत्तरीतलं हृदय आहे, काहीही वाजू शकतं, आणि मला आज तेच ऐकायचं होतं, म्हणजे ते ऐकू येणारच, माझा माझ्यावर विश्वास नाही. मादी असा आवाज काढत नाही, फक्त नर काढतो, हे मला पाठ होतं. पुन्हा वाजलं. कुरणाच्या बाजूने, बरगड्यांत. वर पाहिलं. आक्का पिसाचा शेंडा तेलात बुडवून माझ्या कानाकडे आणत होती. तिचा हात मध्येच थांबला होता, मान माळाकडे वळलेली. पिसावरून तेलाचा एक थेंब सुटला आणि माझ्या गालावर पडला, कोमट, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.